डोकं त्यांच्याकडे, शेपूट माझ्याकडे

दत्तूभावजी घराला कुलूप लावतात ते बघण्यासारखं असतं. आधी किल्ली फिरवणार. मग कुलूप धरून ओढणार. मग अंगणातल्या तुळशीपर्यंत जाणार, थांबणार, मागे फिरणार आणि पुन्हा ओढणार. कधी कधी तर सायकल रस्त्यावर काढून, टांग टाकून झाल्यावरसुद्धा उतरतात. त्यांच्या नि आमच्या घरामध्ये चिऱ्यांचा गडगा आहे, कमरेएवढा, त्यामुळे हा खेळ मला रोज फुकट. एकदा न राहवून म्हटलं, "अहो भावजी, लागलंय कुलूप. आता रडेल हो ते बिचारं."

"लागलंय ना, वहिनी. विश्वास आहे माझा. पण ओढून बघितलेलं बरं."

हे त्यांचं पालुपद. दूधवाल्यावर विश्वास आहे, पण दुधात बोट बुडवून बघितलेलं बरं. कंडक्टरवर विश्वास आहे, पण पुढे जाऊन गाडीची पाटी वाचलेली बरी. डॉक्टरवर तर फारच विश्वास, म्हणून गोळी आधी अर्धीच घेऊन बघणार. काही झालं नाही तर उरलेली अर्धी.

आणि माणूस बसेल तर शपथ. "या, बसा," म्हटलं की "बसायला वेळ कुठाय" म्हणत गडग्यावर कोपर टेकणार आणि तासभर उभे. ह्या पायावरून त्या पायावर. करगोट्याला किल्ल्यांचा जुडगा, तो सारखा खुळखुळतो. सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, तिथेही म्हणे खुर्ची नुसती पिशवी ठेवायला होती. त्यांची बायको सुमन गेली तेव्हा लेक चौथीत होती. तेव्हापासून घरात बाप आणि लेक. लेकीचं नाव स्वप्नाली, पण आम्हा सगळ्यांची सपू.

त्या जुडग्यात एक किल्ली बाकीच्यांची आजी शोभेल अशी. काळी, लांबलचक, वाकड्या दाताची. ती देवीची. भावजींचं गाव राजापूरच्या आतल्या अंगाला. तिथल्या देवीची चांदीची रुपं, म्हणजे पालखीत लावायचे मुखवटे, एका लाकडी पेटीत असतात. त्या पेटीला एकच मोठं कुलूप आणि त्याला तीन किल्ल्या. एकीनं उघडत नाही. तिन्ही एकामागून एक लागल्या तरच उघडतं. एक भावजींच्या घराण्याकडे, एक त्यांच्या चुलतभावाकडे आणि तिसरी भावकीच्या बाहेरच्या, सुतारांच्या घरात. तिसरी बाहेर का, तर भावजी म्हणतात, "भाऊ भाऊ एक झाले तर देवीला कोण वाली? तिसरा परका पाहिजे. म्हणजे संगनमत होत नाही."

एका शिमग्याला आम्ही नवराबायको मुद्दाम बघायला गेलो होतो. भावजींचं आणि त्या चुलतभावाचं, बाबल्याचं, वाकडं. कुठल्याशा फणसावरून अबोला धरला तो कायमचा. तर हे दोघे आणि सुतार पेटीसमोर उभे राहिले. भावजी आभाळाकडे बघून म्हणाले, "किल्ली?" बाबल्या जमिनीकडे बघून म्हणाला, "हाय." एवढंच. मग तिघं आमच्याकडे पाठ करून पेटीवर वाकले, काहीतरी खटखट झालं आणि झाकण उघडलं. ढोल वाजायला लागले. आमचे हे माझ्या कानाशी म्हणाले, "वर्षाला एक शब्द. काटकसर म्हणतात ती ही."

आता कार्डाची गोष्ट. सपू बारावी झाली आणि कोल्हापूरला कॉलेजात नंबर लागला. राहायचं वसतिगृहात. पोर हुशार, पण अठराला अजून अवकाश होता. भावजींनी आधी मनिऑर्डरीचं ठरवलं. सपू म्हणाली, "बाबा, मनिऑर्डर येते तेव्हा मी कॉलेजात असते. पोस्टमन परत घेऊन जातो. हॉस्टेलवर सगळ्या मुलींकडे कार्ड आहे. मशीनमध्ये घालायचं, पैसे येतात."

"म्हणजे पैसे देणारा माणूस नायच?"

"नाय."

"मग कशाला पाहिजेत, असं विचारणार कोण?"

भावजी त्या दिवशी जेवले नसावेत, कारण संध्याकाळभर जुडग्याचा आवाज अंगणात इकडून तिकडे फिरत होता.

आपल्याकडे तेव्हा ती मशीनं नवी नवी आली होती. लोक आत शिरताना चपला काढायच्या की नाही यावर थबकायचे. भावजींनी कचेरीतून रजा काढली आणि गावातल्या सगळ्या बँका पालथ्या घातल्या. अट एकच. कार्ड पोरीकडे पाहिजे आणि लगाम माझ्याकडे. मुलाला स्थळं बघावीत तशी कार्डं बघितली त्यांनी. रोज संध्याकाळी गडग्यावर मला हकीकत.

एका बँकेतल्या पोराने सांगितलं, तुमच्या नावावर क्रेडिट कार्ड घ्या, त्याचंच एक पिल्लू मुलीला देऊ. ती खर्च करेल आणि महिन्याच्या महिन्याला सगळा हिशोब तुमच्या घरी येईल.

"म्हणजे बघा वहिनी, ती आधी खर्च करणार आणि मला मागाहून कळणार. चोर पळाल्यावर कुत्रा भुंकला, त्यातला प्रकार. नको म्हटलं."

दुसरीकडे बाई होत्या. त्या म्हणाल्या, अज्ञान मुलीचं खातं उघडा, पालक तुम्ही. तिला साधं एटीएम कार्ड मिळेल. दिवसाला ठरावीक रकमेच्या वर पैसे निघणार नाहीत.

"ती अट मशीनची झाली. बापाची कुठाय?" हे म्हणे त्यांनी त्या बाईंनाही विचारलं. बाईंच्या मागे रांग होती. त्यांनी छापील उत्तर दिलं, "काका, काळजी करू नका. कार्डाबरोबर चार आकडी गुप्त नंबर येतो. तो असल्याशिवाय पैसे निघत नाहीत. फक्त तो कुणालाही सांगायचा नाही. घरच्या माणसांनासुद्धा नाही."

इथे घोळ झाला. आपण सगळेच हे वाक्य ऐकतो आणि सोडून देतो. भावजी हेडक्लार्क. त्यांनी ते नियम म्हणून घेतलं.

"घरच्या माणसांना नाही म्हणजे सपूलासुद्धा नाही," गडग्यावर येऊन मला म्हणाले. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता. "बँकेचाच नियम हाय. कार्ड तिच्याकडे, नंबर माझ्याकडे. आणि वहिनी, मी पण तिच्या घरचाच की! म्हणजे मलासुद्धा सगळा कळता कामा नये."

"मग कळायचा कुणाला? मशीनला?"

"तीन किल्ल्या," भावजी म्हणाले. "कार्ड ही एक, ती सपूकडे. नंबराचे पुढचे दोन आकडे माझ्याकडे. मागचे दोन तुमच्याकडे. तुम्ही परक्या."

पंधरा वर्षं ह्या माणसाच्या घरी मी नारळाच्या वड्यांपासून आजारपणातल्या खिमटापर्यंत पोचवत आले, आणि हे माझ्या तोंडावर मला परकी म्हणतात! पण ते अशा काही मानाने म्हणाले, की मला सुताराच्या घरात किल्ली आल्यासारखं वाटलं.

पाकीट आलं तेव्हा ते उघडायला आमच्याच पडवीत आले. म्हणजे पडवीच्या पायरीवर, उभ्याउभ्या. पाकीट फाडलं ते डोळे मिटून. मग कागदाच्या उजव्या बाजूवर आमचा पानाचा डबा ठेवला आणि डावीकडचं स्वतः बघितलं. मग तोंड फिरवलं, डबा सरकवला, "आता तुम्ही बघा." मी बघितलं. मग तो कागद आमच्याच चुलीत घातला. आमचे हे पेपर खाली करून म्हणाले, "काय चाललंय? पत्रिका जुळवताय की भानामती?"

आता ते खातं बदललंय, म्हणून सांगायला हरकत नाही. माझे आकडे होते बेचाळीस. कागदावर लिहायची बंदी होती. पण ह्यांच्या शर्टाचा नंबरही बेचाळीसच, म्हणून मी म्हटलं, झालं, हे जन्मात विसरायचे नाहीत.

शंका मला तेव्हाच आली होती. म्हटलं, "भावजी, पोरीला एकदा दोघांनी आकडे सांगितले, की चारही तिला कळलेच की हो. दुसऱ्या वेळी विचारेल कशाला?"

"सोय केल्ये," ते म्हणाले. "तिनं देवीची शपथ घेतल्ये. आकडे दाबले की विसरायचे."

मी सपूकडे बघितलं. ती ट्रंकेवर बसून कोकमाची बाटली फडक्यात गुंडाळत होती. तोंड अगदी गंभीर. "हो काकी. विसरणार मी."

"आणि नाय विसरली तर," भावजी बोट उगारून म्हणाले, "आकडा ध्यानात ठेवलास असं कळलं, तर दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं परत. शिक्षण बंद. मग इथेच बस माझ्यासमोर." सपूचं तोंड खरोखरच गंभीर झालं. तिचा बाप बोलल्याप्रमाणे करणारा आहे, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

अशी ती कोल्हापूरला गेली आणि आमचा कारभार सुरू झाला. मशीनशेजारीच फोनचं बूथ होतं. पैसे पाहिजेत की सपू आधी बाबांना फोन करायची. नंबराला नाव पडलं होतं बांगडा. डोकं बाबांकडे, शेपूट काकीकडे. भावजींच्या ओटीवरचं बोलणं मला गडग्यापलीकडून स्वच्छ ऐकू यायचं, कारण कोल्हापूर लांब आहे म्हणून ते ओरडून बोलत.

"कशाला पाहिजेत? मेसला? मग काय घालतात मेसला? परत झुणका? मासे? नाय मिळत? मग ते लोक जगतात कशावर? ... अगो सांगतो डोकं, थांब जरा. खोकला गेला? दोन पावसाळी चपला घेतल्यास काय? एक जोड भिजला तर? ... बरं, घे. आणि दाबलास की विसर."

मग लगेच आमचा फोन. "काकी, शेपूट." मी तरी लगेच देते होय? मैत्रिणी कोण, गाद्यांना ढेकूण आहेत का, केसांना तेल लावतेस का, सगळं होऊन मग, "बेचाळीस गो बाय." पैसे निघाले की बाबांना परत एक फोन करायचा, हा नियम. एवढ्या फोनांत पैसे काढण्यापेक्षा बोलण्यातच जास्त जात असणार, असं आमचे हे म्हणाले. मी म्हटलं, तुम्हाला काय करायचंय, आपली किल्ली नुसती सांभाळायची आहे.

आणि नेमकी तीच मला सांभाळता आली नाही.

पावसाळा सरता सरता ह्यांना कावीळ झाली. महिना-दीड महिना निव्वळ ताक नि उसाचा रस. उठले तेव्हा सगळे शर्ट खांद्यावरून लोंबायला लागले. दसऱ्याला मी नवे आणले, चाळीसचे. आणि त्यानंतर सपूचा फोन आला. "काकी, शेपूट." चौकशा झाल्या, काकांचे शर्ट लोंबतात म्हणून नवे चाळीसचे आणले, हेही सांगून झालं. मी आपलं सवयीनं मनात ह्यांचा शर्ट आठवला आणि म्हटलं, "चाळीस."

ती म्हणाली, "बरं काकी. काकांना सांभाळा हां."

फोन ठेवला. डाळीला फोडणी घातली. आणि मोहरी तडतडली तसं माझ्या डोक्यात लख्ख झालं. अगो बाई, शर्टाचा नंबर बदलला, बांगड्याची शेपूट थोडीच बदलली! आता पोर तिथे मशीनपुढे उभी, चुकीचा आकडा दाबतेय. तीनदा चुकलं तर कार्ड आत गिळतात म्हणे. मी तशीच हात पुसत गडग्याकडे धावले. तर पलीकडे भावजी ओटीवर फोनात ओरडत होते, "मिळाले? सगळे? मोजलेस?"

मी तिथेच थबकले.

म्हणजे कार्टीला सगळा नंबर पाठ होता. कधीपासून, कोण जाणे. बहुतेक पहिल्या दिवसापासूनच.

तेव्हापासून माझी जी घालमेल सुरू झाली ती विचारू नका. सांगावं, तर पोरीचं शिक्षण जातं. न सांगावं, तर मी तिसरी किल्ली, परकी, संगनमत होऊ नये म्हणून ठेवलेली, आणि मीच संगनमतात. भावजी गडग्यावर आले की मी भांडी घासायला पळायची. त्यातून ते रोज म्हणणार, "पोर शपथेला जागत्ये हां, वहिनी. विश्वास आहे माझा." त्याच्यापुढे ते 'पण' जोडत नाहीत हे माझ्या लक्षात आलं, आणि मला जास्तच चोरट्यासारखं झालं.

माघ संपत आला तसे मात्र भावजीच बिघडले. कुलूप तीन-तीनदा ओढायला लागले. गडग्यावर यायचे, परत जायचे, परत यायचे. शेवटी एकदा कळलं. सपूला फाल्गुनात अठरा पूर्ण होत होती. बँकेत चौकशी केली, तर त्याच बाईंनी सांगितलं, आता खातं तिचं. नवीन कार्ड, नवीन नंबर, पाकीट थेट कोल्हापूरला तिच्या हाती.

"मी विचारलं, पालकाची सही कुठे करायची? तर म्हणाल्या, काका, पालकाचा रकानाच नसतो आता." ते जुडग्यातली एकेक किल्ली बाजूला सारत होते. "रकानाच नाय, वहिनी."

"बरंच झालं की. तुमची कटकट वाचली."

"हो ना," म्हणाले आणि गेले. तुळशीपर्यंत जाऊन परत आले. "मेसचं जेवण तिला आवडत नाय, हे आता कसं कळायचं?"

मग शिमग्याला गावी जाऊन आले. पालखी बघून माणूस कसा ताजातवाना येतो, भावजी आले ते अधिकच अस्वस्थ. दुपारची वेळ. मी गडग्यावर आमसुलं वाळत घातली होती, ती ते एकेक उचलून परत तिथेच ठेवत होते. मी अगदी रडकुंडीला आले. वाटलं, ज्या शपथेपायी, ज्या नंबरापायी हा माणूस एवढा झुरतोय, त्यात काही नव्हतंच हे एकदा कळू दे. आणि आता अठराची झाली, परत आणणार कसे?

म्हटलं, "भावजी, एक सांगते. रागवा माझ्यावर, पोरीवर नको. तिला सगळा नंबर केव्हापासून पाठ आहे. मी चुकीची शेपूट सांगितली होती, तरी पैसे निघाले."

मला वाटलं, आता आभाळ कोसळेल. भावजींनी हातातलं आमसूल जागेवर ठेवलं.

"ठाऊक हाय मला."

"काय?"

"मी पण एकदा चुकीचं डोकं दिलं. मुद्दाम. ओढून बघितलं." ते आमसूल बोटाने सरळ केलं. "गणपतीच्या आधीची गोष्ट."

"आणि काही बोलला नाहीत? गाडीनं परत आणणार होतात ना?"

भावजींनी कमरेची ती काळी किल्ली सोडवली आणि माझ्यासमोर धरली. वाकड्या दाताला गंज चढला होता. "तुम्ही शिमग्याला आला होतात, पेटी उघडताना बघितलीत. काय दिसलं?"

"तुमच्या तिघांच्या पाठी."

"तेच. पाठ करून उभे राहतो ते कशाला? वहिनी, ते कुलूप कधीचं गेलंय. आतनं पार कुजलं. किल्ली घालायचीसुद्धा गरज नाय, हिसका दिला की उघडतं. आम्हा तिघांनाच ठाऊक. किल्ल्या नुसत्या वाजवतो."

"अहो, मग नवं का नाही आणत?"

"सुतार म्हणाला होता, आणूया म्हणून. बाबल्या नको म्हणाला. मी पण नको म्हटलं." ते गडग्याच्या चिऱ्यावरची माती अंगठ्याने खरवडत राहिले. "वर्षभर माझं तोंड बघत नाय तो. रस्त्यात दिसलो तर वळतो. पण त्या दिवशी किल्ली घेऊन येतो. खांद्याला खांदा लागतो आमचा. लहानपणी एका घोंगडीत निजायचो, तसा. यंदा म्हणाला, 'दत्त्या, खोकतोस बरा.' एवढंच म्हणाला. आता कुलूप नाय म्हणून सांगितलं, तर यायचा कशाला तो?"

मी आमसुलं सारखी करत राहिले.

भावजी किल्ली परत करगोट्याला बांधायला लागले, पण उभ्याउभ्या गाठ बसेना. आणि आमचे हे म्हणतात तू वाढवून सांगतेस, पण मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, भावजी खाली गडग्याच्या दगडावर बसले. बसून गाठ मारली आणि लगेच उठले.

त्यानंतर चार-पाच दिवस जुडगा घरातल्या घरातच वाजत होता. पैसे काढायची वेळ होऊन गेली होती. डोकं मागायला फोन आला नाही. मला वाटलं, झालं. आलं असेल पाकीट, काढले असतील पैसे, गेली असेल मैत्रिणींबरोबर. त्यात चूक तरी काय? वयच ते.

रविवारी सकाळी मी घावन घालत होते, तेव्हा पलीकडे भावजींचा फोन वाजला. नेहमीचं ओरडणं नाही, नुसतं "हां... हां... परत सांग," एवढंच ऐकू आलं. आणि थोड्या वेळाने आमचा वाजला.

"काकी, सपू बोलत्ये. नवीन बांगडा आलाय. पाकीट उघडलं मी. डोकं बाबांना सांगितलंय. तुम्ही शेपूट पाठ करा. लिहू नका हां. आणि काकांच्या शर्टावर ठेवू नका ह्या वेळी."

मी म्हटलं, "कार्टे! आणि तुला गो? तू तर सगळाच बघितलास."

"मी विसरणार ना," सपू म्हणाली. "शपथ घेतल्ये बाबांजवळ. आता नवीन घेतली."

तिने आकडे सांगितले, मी घोकले. तव्यावरचं घावन करपलं, ते तसंच राहू दिलं. बाहेर आले तर भावजी गडग्यावर हजर. ह्या पायावरून त्या पायावर.

"आली शेपूट?"

"आली."

"मला सांगू नका हां, वहिनी."

"नाही सांगत."

जायला निघाले. तुळशीपर्यंत गेले, थांबले आणि परत आले.

"विसरेल ना हो ती?" म्हणाले. आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाले, "विसरेल. हुशार हाय माझी पोर."